राखणदारीण रंगवायची आहे. उजेड कडेचा घ्यावा की पाठीमागचा?

नागपुरातल्या मारबतीची, म्हणजे त्या प्रचंड पुतळ्याची, मिरवणूक डोक्यात घोळत असते आणि मग शिंगं असलेली एखादी राखणदारीण कागदावर उतरते. पहिल्याच कच्च्या रेखाटनात अडतं ते इथे: उजेड कुठून आणायचा?

घरात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असेल तर खोलीतले दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च हातात घ्या. टॉर्च डावीकडून, जरा वरून धरला की वशिंड गोल फुगून येतं, शिंगाची सावली कपाळावर तिरपी पडते, डोळ्याच्या खोबणीत काळोख साचतो. आता टॉर्च मागे न्या. वशिंड सपाट, डोळे गायब. उरते शिंगांची कमान आणि तिच्या कडेची उजळ रेघ.

कडेच्या उजेडात चेहरा बोलतो. रेम्ब्राँच्या व्यक्तिचित्रांत सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण दिसतो, तो असाच पडलेला. राखणदारिणीच्या मनात राग आहे की थकवा, हे दाखवायचं असेल तर हाच उजेड घ्या. चौकट कंबरेपर्यंत ठेवा, डोळे वरच्या तिसऱ्या भागात, आणि ती बघतेय त्या बाजूला मोकळी जागा सोडा.

पाठीमागच्या उजेडात सगळी भिस्त बाह्याकारावर. सूर्य मावळताना फुटाळा तलावाच्या काठावर उभ्या माणसांकडे बघा. भुट्टा धरलेला हात अंगापासून सुटा असेल तरच दिसतो, नाहीतर छातीच्या काळोखात विरून जातो. म्हणून भाला, शिंगं, उडता पदर हे सगळं अंगाबाहेर काढा. क्षितिज गुडघ्याच्याही खाली घ्या. इतवारीच्या गल्लीत मान वर करून मारबत बघताना ती जेवढी प्रचंड वाटते, तेवढीच मग तुमची राखणदारीणही वाटेल.

यात कष्टाचा भाग सावलीतल्या चेहऱ्याचा. तो निव्वळ काळा भरला की मेलाच. मे महिन्यात भर दुपारी अंगणात उभ्या माणसाची हनुवटी खालून बघा: तापलेल्या जमिनीवरून परतलेला उजेड तिथे तांबूस चढलेला असतो. तो ओळखून रंगवायला हात बराच बसावा लागतो.

म्हणून पहिलंच चित्र असेल तर मी कडेचाच उजेड घ्यायला सांगेन. पाठीमागची रेघ हवीच असेल तर एका खांद्यावर, मुख्य उजेडापेक्षा मंद ठेवा. दोन्ही उजेड सारखेच प्रखर झाले की नजर कुठे थांबावी हेच कळत नाही. लांबून ओळखू यावं असं पोस्टर करायचं असेल, तर मात्र बिनधास्त पाठीमागचा घ्या.