डोरन्स फील्ड, चॅपल हिल: मुलींचा सॉकर सामना पाहायचा तर इथे पाहा

सामन्याच्या पाऊण तास आधी जाऊन बसा, ही माझी पहिली शिफारस. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुली वॉर्म-अपला मैदानात उतरतात तेव्हापासूनच बघण्यासारखं सुरू होतं. मी आयुष्यभर शाळेत मुलींना खो-खो आणि कबड्डी शिकवली. संघाच्या सरावाला शिस्त आहे की नाही हे मला दहा मिनिटांत कळतं. चेंडू आणायला गेलेली मुलगी चालत परत येते की पळत, बाकावरच्या मुलींचं लक्ष कुठे आहे, आपली पाळी येईपर्यंत कोण नुसतं उभं राहतं. इथे नुसतं कुणी उभं राहत नाही. निवृत्तीनंतर लेकीकडे इथे जवळच मॉरिसव्हिलला आले, नात सॉकरमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये, गोलरक्षक, तिच्यामुळे या मैदानावर जायला लागले. आता ती नसली तरी जाते.

मैदान विद्यापीठाच्या आवारातच आहे, साऊथ रोडवर, वुलन जिमच्या जवळ. जुनं फेट्झर फील्ड पाडून त्याच जागी हे बांधलं आणि 2019 मध्ये खुलं झालं. चार हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढंच ते आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण. मधल्या रेषेजवळ, खालच्या रांगेत बसलात तर बचावपटू एकमेकींना ओरडून काय सांगतायत ते ऐकू येतं. टीव्हीवर हे कळत नाही. नातीला मी सांगते, थोडा वेळ चेंडू सोड आणि गोलरक्षकाकडे बघ. ती सतत बोलत असते, मागून अख्खा संघ हलवत असते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन-तीन नियम माहीत करून घ्यावेत. कॉलेजच्या सॉकरमध्ये घड्याळ 45 मिनिटांवरून शून्याकडे उलटं चालतं, आणि गोल झाला किंवा पंचांनी कार्ड काढलं की थांबतं. नियमित हंगामातला सामना बरोबरीत राहिला तर 2022 पासून जादा वेळ देत नाहीत. पूर्वार्धात बाहेर गेलेली खेळाडू त्याच अर्धात परत येऊ शकत नाही, उत्तरार्धात मात्र एकदा येऊ शकते. खेळाडू बदलायची ही मोकळीक या संघाने वर्षानुवर्षं पुरेपूर वापरली. मागे तिघी, मध्ये चौघी, पुढे तिघी अशी मांडणी करायची, समोरच्या संघाला त्याच्याच गोलजवळ घेरायचं आणि थोड्या वेळाने पुढची फळीच्या फळी बदलायची. दमलेल्या बचावपटूंसमोर तीन ताज्या मुली येऊन उभ्या राहिल्या की काय होतं, ते प्रत्यक्ष बघा.

मागचा इतिहास माहीत असेल तर हा खेळ जास्त कळतो. शिक्षणात लिंगभेद करणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही, असा टायटल नाइन नावाचा कायदा अमेरिकेत 1972 मध्ये झाला. चॅपल हिलच्या मुली त्या दशकात क्लब म्हणून खेळत होत्या. त्यांनी विद्यापीठाकडे अधिकृत संघाचा दर्जा मागितला. क्रीडासंचालक बिल कोबी यांनी मुलांच्या संघाचे तरुण प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स यांच्याकडेच मुलींचाही संघ सोपवला आणि 1979 मध्ये तो सुरू झाला. मैदानाला नाव डोरन्स यांचं आहे आणि ते योग्यच आहे, पण आधी मुलींनी मागितलं म्हणून संघ झाला, हे मी नातीला आवर्जून सांगते. जॅनेट रेफिल्ड त्या पहिल्या तुकडीतली. पुढे ती स्वतः इलिनॉय विद्यापीठाची प्रशिक्षक झाली.

1981 मध्ये महिलांच्या कॉलेज खेळांचा कारभार एआयएडब्ल्यू ही वेगळी संस्था पाहत होती. तिची राष्ट्रीय स्पर्धा या संघाने जिंकली. पुढच्या वर्षी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने महिलांची पहिली स्पर्धा घेतली, तीही जिंकली. 1985 च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाकडून हार झाली. त्यानंतर 1986 ते 1994 सलग नऊ विजेतेपदं! मधल्या काळात 103 सामने हा संघ हरलाच नव्हता. 1990 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने ती साखळी तोडली.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डोरन्स यांनी त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे सराव पाहिले. तिथे सरावातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद व्हायची. डोरन्स यांनी ती पद्धत मुलींच्या संघात आणली. एकास एक झुंज, हेडर म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, गोलवर मारा, छोटे सामने, सगळ्यांत कोण जिंकलं कोण हरलं ते लिहायचं आणि क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. याला ते 'कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन', म्हणजे स्पर्धेची कढई, म्हणतात. सरावात मैत्रिणीला हरवणं म्हणजे तिच्याशी वैर धरणं नव्हे, ही गोष्ट मुलींच्या गळी उतरवायला मला शाळेत सगळ्यात जास्त वेळ लागायचा. जिवलग मैत्रीण समोर आली की चांगल्या चांगल्या मुली हात आखडता घ्यायच्या. इथे वहीनेच तो प्रश्न सोडवला. सगळ्यांच्याच नोंदी होतात म्हटल्यावर जोर लावणं कुणी मनाला लावून घेत नाही. अर्थात हे कॉलेजच्या मुलींसाठी. बारा वर्षांच्या मुलींची क्रमवारी भिंतीवर लावायला मी कधीच तयार होणार नाही.

इथेच खेळून पुढे अमेरिकेच्या संघात गेलेल्या मिया हॅमची एक गोष्ट या संघात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सकाळी गाडीतून जाताना डोरन्स यांना ती बागेत एकटीच धावण्याचा सराव करताना दिसली. बघणारं कुणी नाही, घामाने निथळतेय, वाकून श्वास घेतेय. त्यांनी तिला चिठ्ठी लिहून पाठवली, की विजेती घडते ती अशी, कुणी बघत नसताना. हॅम चार वेळा कॉलेजची विजेती झाली. तिचा 19 नंबर आता इथे कुणाला देत नाहीत.

1991 मध्ये चीनला महिलांचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा अमेरिकेचे प्रशिक्षक डोरन्सच होते. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स याच विद्यापीठाची, हॅम आणि क्रिस्टीन लिली इथल्याच. अंतिम सामन्यात नॉर्वेला 2-1 ने हरवून त्यांनी कप आणला. आणि आपल्या वाचकांसाठी: या डोरन्स यांचा जन्म 1951 चा, मुंबईतला. हे कळलं त्या दिवशी मी साताऱ्याला बहिणीला फोन करून सांगितलं.

सगळा इतिहास उजळ नाही. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स आणि विद्यापीठाविरुद्ध लैंगिक छळाचा दावा केला. डोरन्स यांनी आरोप नाकारले. एकीचा दावा 2004 मध्ये आणि दुसरीचा 2008 मध्ये तडजोडीने मिटला. नऊ विजेतेपदं सांगायची आणि हे गाळायचं, असं मुलींना शिकवलेल्या बाईला जमणार नाही. नात मोठी होतेय, तिला हेही मी सांगितलंय, आणि प्रशिक्षकाने खासगी आयुष्यात नाक खुपसलं तर घरी येऊन सांगायचं, हेही.

ऑगस्ट 2024 मध्ये हंगाम तोंडावर असताना डोरन्स निवृत्त झाले. सहायक डेमन नाहास यांच्याकडे तात्पुरती सूत्रं गेली. त्याच डिसेंबरमध्ये शेजारच्या केरी गावात, वेक फॉरेस्ट विद्यापीठाला 1-0 ने हरवून संघ एनसीएएचा 22 व्यांदा विजेता झाला. आधीचं विजेतेपद 2012 चं होतं. माणूस बदलला तरी सरावाची घडी मोडली नाही, हे माझ्यासारखीला कपापेक्षा मोठं वाटतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातल्या लुसी ब्राँझ, अलेसिया रूसो आणि लोटी वुबेन-मॉय याच विद्यापीठातून खेळून गेल्यात. तेव्हा समोर जी दुसऱ्या वर्षाची पोरगी धावतेय ती उद्या कुठे दिसेल सांगता येत नाही.

जाण्याबद्दल. ऑगस्टमध्ये ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात, म्हणून शक्यतो संध्याकाळचा सामना धरा आणि टोपी न्या. चॅपल हिल ट्रान्झिटच्या बसला भाडं नाही, त्यामुळे गाडी लांब लावून बसने आलात तर आवारात जागा शोधत फिरावं लागत नाही. शेजारच्या ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा सामना इथे असेल तर तो आधी धरा, त्या दिवशी आवाज वेगळाच असतो. सोबत खेळणारी मुलगी असेल तर तिला तिच्याच जागेवर खेळणारी एक खेळाडू निवडून द्या आणि पूर्वार्धभर फक्त तिच्याकडे बघायला सांगा. मध्यंतरात तिने काय पाहिलं ते विचारा.

पाचपैकी पाच तारे.