भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची दोन सत्रे : एका शिक्षिकेचे परीक्षण

नागपुरातील एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक शाळांत जाऊन मुलांसमोर प्रयोग करून दाखवतात आणि मग तेच प्रयोग तेथील विज्ञानशिक्षकांकडून करवून घेतात. दहावीत जाणाऱ्या मुलांच्या उन्हाळी वर्गात, एप्रिलच्या अखेरीस, आमच्या शाळेत त्यांची दोन सत्रे झाली. मानधन ते घेत नाहीत. साहित्याचे ६०० रुपये शाळेने दिले.

पहिले सत्र 'उष्णता' या पाठावर होते. अप्रकट उष्म्याची, म्हणजे तापमान न बदलता पदार्थाची अवस्था बदलताना घेतल्या किंवा सोडल्या जाणाऱ्या उष्णतेची, व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते आणि मुले ती पाठ करतात. सरांनी व्याख्येला हातच लावला नाही. त्यांनी दोन तापमापी शेजारी टांगल्या, एकीच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळली आणि एका मुलाला पुठ्ठ्याने वारा घालायला सांगितले. काही मिनिटांत कोरडी तापमापी ३८ अंशांवर आणि ओली २२ अंशांवर होती. त्यानंतर त्यांनी घरच्या कूलरबद्दल विचारले : टुल्लू पंप ताट्यांवर पाणी सोडतो, त्या पाण्याची वाफ होते, पण वाफ व्हायला लागणारी उष्णता येते कुठून? एक ग्रॅम पाणी वाफ होताना साधारण २,४०० ज्यूल उष्णता घेते आणि ती खोलीत येणाऱ्या हवेतूनच जाते, हे उत्तर मुलांनी, थोडे अडखळत का होईना, स्वतःच काढले.

त्यांच्या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रयोगाआधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतलेला अंदाज. तांब्याच्या मीटरभर लांब नळीत निओडिमिअम हा अतिशय शक्तिशाली चुंबक सोडण्यापूर्वी तो नळीला चिकटत नाही हे त्यांनी दाखवले. त्यामुळे जवळजवळ सगळ्यांनी 'लगेच खाली पडेल' असे लिहिले. त्याच नळीतून सोडलेला खिळा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली आला, चुंबकाला मात्र पाच सेकंद लागले. पडत्या चुंबकामुळे नळीत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो प्रवाह त्याच्याच पडण्याला विरोध करतो, हा लेंझचा नियम त्यानंतर समजावणे सोपे गेले, कारण मुलांना आपला अंदाज का चुकला हे जाणून घ्यायचे होते. आम्ही शिक्षक बहुधा उत्तर आधी सांगून टाकतो आणि प्रयोग उरलाच तर पुरावा म्हणून दाखवतो.

उणिवाही आहेत. साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकांना तापमापीवरचे आकडे दिसत नव्हते. पाण्याच्या वळत्या धारेतून लेझरचा प्रकाश नेण्याचा प्रयोग भर दुपारी, पडदे नसलेल्या खोलीत ठेवल्याने पूर्णपणे फसला. खोली आधी पाहून घेतली असती तर हे टळले असते. शिक्षकांच्या सरावाला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली, तीही चहासकट. शिवाय तांब्याची नळी ते परत घेऊन जातात आणि तशी नळी विकत घेणे प्रत्येक शाळेला परवडणारे नाही.

तरीही मी ही सत्रे पुन्हा ठेवण्याची शिफारस मुख्याध्यापकांकडे केली आहे. जुलैमध्ये पावसाची झड लागली असताना चिंधीचा तोच प्रयोग मी स्वतः करून पाहिला. तापमापी ३० आणि २७ अंशांवर थांबल्या. फरक एवढा कमी का, हे मी विचारण्याआधीच मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणूनच आई आता कूलरमध्ये पाणी टाकत नाही."