डोक्याला बांधायचा लेझर घेतला, दोन महिने वापरून झाला

मान दुखायला लागून वर्ष होत आलं, एक्सरे नॉर्मल, गोळ्या झाल्या, शेक झाला. मग फिजिओ मॅडमनी एक दिवस डोक्याला लेझर बांधला आणि म्हणाल्या डोळे मिटा, मान उजवीकडे वळवा, आता परत होती तिथे आणा. आणली. म्हणजे मला वाटलं आणली, डोळे उघडून बघते तर लाल ठिपका मधल्या टिंबापासून चांगला चार बोटं लांब! स्वतःचीच मान सरळ आहे की नाही हे आपल्याला कळत नाही म्हणजे काय, मला तर हसूच आलं.

कवटीच्या खाली मानेत जे बारके स्नायू असतात ना, त्यात ताण मोजणारे सेन्सर ठासून भरलेले असतात, डोकं धडाच्या मानाने कुठल्या अँगलला आहे हे मेंदूला मुख्य तेच सांगतात, जोडीला डोळे आणि आतला कान. मान दुखत राहिली की त्यांची खबर गडबडते. काहींना त्यामुळे हलकं गरगरल्यासारखं पण होतं (पण चक्कर कानामुळे किंवा बीपीमुळेही येते, त्यामुळे ते आधी डॉक्टरांना दाखवा, लेझर नंतर).

तर घरी सराव करायला हा सेट मागवला. पट्टा, लेझर, आणि भिंतीला लावायचा गोल गोल रिंगांचा कागद. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

लेझर झकास आहे, ठिपका बारीक आणि स्पष्ट. पट्टा मात्र एकदम फालतू, केसांवरून सरकतो, आणि बटण लेझरच्या बाजूलाच असल्यामुळे चालू करायला दाबलं की सगळंच हलतं! म्हणजे चूक मानेची का पट्ट्याची तेच कळत नाही.

पण खरा राग माहितीपत्रकावर आहे. त्यात लिहिलंय ७ सेंटीमीटरच्या बाहेर गेलात तर गडबड. अरे पण किती अंतरावरून?? हा आकडा १९९१ च्या रेव्हेल वगैरे संशोधक मंडळींच्या टेस्टवरून आलाय, त्यात माणूस ९० सेंटीमीटरवर बसतो आणि मर्यादा आहे साडेचार अंश, त्या अंतरावर त्याचे साधारण ७ सेंटीमीटर होतात. मी पहिला आठवडा दीड मीटरवर बसत होते, तिथे तेच साडेचार अंश जवळजवळ १२ सेंटीमीटर भरतात, त्यामुळे रोज नापास आणि रोज टेन्शन.

आता डोक्यापासून भिंतीपर्यंत ९० मोजून खुर्चीच्या पायांशी चिकटपट्टी लावलीय. आधी लेझर चालू करायचा, मग टेकून सरळ बसायचं, आणि ठिपका टिंबावर आणायला मान वाकडी करायची नाही, कागदच सरकवायचा. डोळे मिटून मान वळवून परत आले की मी 'आले' म्हणते, मुलगी पेन्सिलने खूण करते, मग डोळे उघडून मधोमध येऊन पुन्हा पहिल्यापासून. असं एका बाजूला सहा वेळा. परवाचे आकडे ९, ४, ८, ५, ७, ६, सरासरी साडेसहा सेंटीमीटर. नुसता पहिला ९ बघून थांबले असते तर रात्रभर झोप नसती आली. आणि साडेचार अंश म्हणजे काही दगडावरची रेघ नाही हं, मान दुखत असून आत येणारे आहेत आणि काहीच दुखत नसताना बाहेर जाणारे पण आहेत.

दुखणं? थोडं कमी आहे, पण व्यायाम पण चालूच आहेत, त्यामुळे श्रेय लेझरला देणार नाही. घरात लहान मुलं असतील तर वापरून झाला की कपाटात ठेवा, कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये, समोर आरसा तर नकोच.

लेझरला पाचपैकी चार, पट्ट्याला एक. पट्टा बदलून द्या म्हणून कंपनीला मेल टाकलाय, दहा दिवस झाले, तोवर वरून माझा जुना हेअरबँड घट्ट बसवून काम चाललंय.