निकॉन झेड नाइन, कॅनन आर वन की सोनी ए नाइन थ्री? कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू कुठवर कामाला येतात

नागपूरच्या जामठा क्रिकेट स्टेडियमवर सीमारेषेबाहेर बसून रणजीचा सामना टिपायचा आहे, की मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात बॅडमिंटन? कॅमेरा घेण्याआधी हा प्रश्न सोडवा. दोन्ही ठिकाणचा उजेड वेगळा, अंतर वेगळं. बहुतेक रिव्ह्यू मात्र हा फरक न करता थेट क्रमांक लावतात. त्या क्रमांकाला मी महत्त्व देत नाही. आतली मोजमापं मात्र नीट वाचतो.

क्रिकेटसाठी माझा कौल निकॉन झेड नाइनला. ४०० मिलीमीटरची लेन्स लावली तरी जामठ्याला फलंदाज फ्रेममध्ये लहानच दिसतो, मग क्रॉप, म्हणजे फोटो कापून मोठा, करावा लागतो. झेड नाइन ४५.७ मेगापिक्सेलचा असल्याने दीडपट क्रॉपनंतरही सुमारे १९ मेगापिक्सेल उरतात. सोनी ए नाइन थ्री आणि कॅनन आर वन दोन्ही २४ च्या आसपास, तिथे जेमतेम दहा-अकरा उरतात. वर्तमानपत्राला तेवढे पुरतात, पोस्टरला नाही. झेड नाइनचं वजन बॅटरी-कार्डासह १३४० ग्रॅम आणि सोनीचं ७०३, पण मोठी लेन्स मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) असताना हा फरक फार जाणवत नाही.

हॉलमधला खेळ सुरू झाला की हिशेब बदलतो. एलईडी दिव्यांखाली आणि जाहिरातींच्या चमकत्या फलकांसमोर सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या कॅमेऱ्यात पट्टे येऊ शकतात. ए नाइन थ्रीचा ग्लोबल शटर सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपतो, त्यामुळे फ्रेममध्ये पट्टे नाहीत आणि फिरणारी रॅकेट वाकडी दिसत नाही. याची किंमत नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणात, मोजावी लागते. त्याचा मूळ आयएसओच (प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढवली की नॉइज वाढतो) २५० आहे, आणि शटलसाठी १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवलं की एफ २.८ इतकी उघडी लेन्स असूनही आयएसओ ६४०० च्या पुढे जाऊ शकतो. तिथे बाकीचे दोघे स्वच्छ चित्र देतात. सेकंदाला १२० फ्रेम हा आकडा रिव्ह्यूच्या मथळ्यात असतो. पण त्या वेगाने रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल टिपताना बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, १९२ फ्रेमना भरतो, म्हणजे दीड सेकंदाच्या जरा पुढे. स्मॅशला पुरे, लांब रॅलीला नाही.

आर वन सेकंदाला ४० फ्रेम देतो आणि कमी उजेडात भरवशाचा आहे. त्याची खेळ ओळखून फोकस नेण्याची सोय बाजारात आली ती फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलसाठी. आपल्याकडे कबड्डी आणि खो-खो टिपणाऱ्याने त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता रिव्ह्यूंचं. कंपनीच्या कार्यक्रमात, कंपनीने मांडलेल्या खेळाडूंवर घेतलेला पहिल्या आठवड्याचा रिव्ह्यू फक्त बटणं कुठे आहेत हे कळण्यापुरता. प्रयोगशाळेतली मोजमापं, म्हणजे सेन्सर वाचायला लागणारा वेळ, बफर, नॉइज, यांवर विश्वास ठेवा, कारण ती नागपुरातही तशीच राहतात. फोकसचा निर्णय मात्र त्यांच्यावर सोडू नका. फोकस आणि इतर सोयी फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने, बदलत जातात. झेड नाइन २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला. बटण पूर्ण दाबण्याआधीचे क्षण टिपण्याची सोय त्यात २०२२ च्या अपडेटने आली आणि आपोआप टिपण्याची २०२३ मध्ये. पहिला रिव्ह्यू वाचून ठरवणाऱ्याला आजचा कॅमेरा कळतच नाही. म्हणून रिव्ह्यूवर फर्मवेअरची आवृत्ती लिहिलेली नसेल, तर त्यातलं फोकसचं प्रकरण सोडून द्या.

सगळ्यांत उपयोगी लेखन एका पूर्ण हंगामात तोच कॅमेरा वापरलेल्या छायाचित्रकाराचं. तो कार्ड कुठे अडकलं, बॅटरी कधी संपली, पाठीमागे प्रेक्षक असताना फोकस कुणावर गेला, हे सांगतो.

शेवटी कॅमेरा दोन दिवस भाड्याने घ्या आणि तुमच्या लेन्सवर, तुमच्याच खेळावर चालवा. लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून प्रत्येक मालिकेतल्या धारदार फ्रेम मोजा. बजेट तोकडं असेल तर बॉडी जुनी घ्या, पण हॉलसाठी लेन्स एफ २.८ चीच घ्या.