जॉनी यंगची ‘शिकागो ब्लूज’ सीडी: मॅन्डोलिन आणि माउथ ऑर्गन एकत्र ऐकायचे असतील तर इथून सुरुवात करा

शिकागो ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा शिकागो शहरातला प्रकार, म्हटलं की गायक-गिटारवादक मडी वॉटर्स, इलेक्ट्रिक गिटार, ॲम्प्लिफायरला लावलेला माउथ ऑर्गन हेच डोक्यात येतं, आणि त्यात चूक काही नाही. पण त्याच शहरात, त्याच सगळ्या लोकांच्या बरोबरीने एक माणूस मॅन्डोलिन वाजवत होता, गाणं पण एकदम मोकळ्या आवाजात गायचा, आणि त्याचं नाव आपल्याकडच्या ब्लूज ऐकणाऱ्यांना पण फारसं माहीत नसतं. जॉनी यंग. आरहूली या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या या सीडीत त्याची १९६५ आणि १९६७ ची रेकॉर्डिंग्ज एकत्र मिळतात.

यंग मूळचा मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा, १९१८ चा जन्म, १९४० मध्ये शिकागोला आला. गावाकडे तेव्हा स्ट्रिंग बँड असायचे, फिडल-गिटार-मॅन्डोलिन घेऊन नाचाच्या कार्यक्रमांना वाजवणारे, तिथलं हे वाद्य तो शहरात घेऊन आला आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात वाजवायला लागला. १९४७ मध्ये त्याच रस्त्यावरच्या एका रेडिओच्या दुकानदाराने त्याचं ‘मनी टेकिंग वुमन’ रेकॉर्ड केलं. ते जरूर ऐका असं मी सगळ्यांना सांगतो, नुसतं मॅन्डोलिन आणि जॉनी विल्यम्सची गिटार, पण काय सुसाट जातं ते! पुढच्याच वर्षी स्नूकी प्रायरच्या माउथ ऑर्गनसोबत त्याची अजून एक रेकॉर्ड झाली, त्यावर नाव छापलं होतं ‘मॅन यंग’.

आता सीडीवर येतो. १९६५ च्या सेशनला जेम्स कॉटन माउथ ऑर्गनवर, ओटिस स्पॅन पियानोवर आणि एस. पी. लिअरी ड्रम्सवर, म्हणजे मडी वॉटर्सच्या बँडमधलीच मंडळी. दणका आहे यात प्रश्नच नाही. स्पॅनचा पियानो तर मी कशातही ऐकायला तयार आहे, पण तोच इथे थोडा नडतो, कारण पियानोचा उजवा हात आणि मॅन्डोलिन दोन्ही वरच्या सुरांत खेळतात आणि पुढे कॉटन जोरात आला की तिघांची गर्दी होते. हेडफोन लावून ऐकलं तर सगळं वेगवेगळं कळतं, साध्या स्पीकरवर मॅन्डोलिन मागे पडतं.

१९६७ चं सेशन मात्र खरा खजिना आहे. इथे बिग वॉल्टर हॉर्टन आहे. माउथ ऑर्गनवाले त्याचं नाव का एवढ्या आदराने घेतात ते इथे कळतं, आवाज मोठा आहे पण टोचत नाही, गोल आणि भरलेला, आणि कुठे थांबायचं हे या माणसाला बरोबर कळतं. यंगची ओळ संपेपर्यंत तो खाली राहतो, ओळ संपली की वर येतो, आणि मॅन्डोलिन सुरू झालं की परत मागे सरकून फक्त ठेका धरतो.

मॅन्डोलिन आणि माउथ ऑर्गन एकत्र एवढे छान का लागतात ते जरा सांगतो कारण मला यातच सगळ्यात जास्त मजा येते. मॅन्डोलिनवर तारांच्या चार जोड्या असतात, पेटी लहान, त्यामुळे छेडलेला सूर लगेच विझतो, तो टिकवायचा तर प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पट्टी) भराभरा वरखाली करत ट्रेमोलो द्यावा लागतो. शिवाय जोडतारा ताणलेल्या असतात म्हणून गिटारसारखा सूर ओढून मिंड घेणं अवघड. माउथ ऑर्गनचं बरोब्बर उलटं आहे, श्वास पुरेल तोपर्यंत सूर टिकतो आणि श्वास आत ओढताना तो खाली वाकवता येतो. ब्लूजवाले त्यासाठीच ई पट्टीच्या गाण्याला ए चा माउथ ऑर्गन घेतात, म्हणजे महत्त्वाचे सूर आत ओढायच्या बाजूला येतात. मग एकाचे बारीक टोचे आणि दुसऱ्याची लांब मिंड, एकाला जे जमत नाही ते दुसरा करतो. आपण मॅन्डोलिन ऐकलंय ते सज्जाद हुसेन किंवा यू. श्रीनिवास यांच्यासारख्यांचं, अगदी नाजूक गमकांचं, इथे ते तालवाद्याच्या जवळ जातं, यंग ते अक्षरशः ठोकतो आणि तरी सुरात असतं.

तक्रार एकच आणि ती मोठी आहे. यंग दोन्ही वाद्यं वाजवायचा आणि इथे बऱ्याच गाण्यांवर त्याने गिटार घेतलीय. गिटार पण चांगलीच वाजवतो, पण गिटारवाले शिकागोत ढिगाने होते, मॅन्डोलिन दुसरं कोण वाजवणार होतं? निम्म्या गाण्यांवर जरी मॅन्डोलिन असतं तरी मी डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते. आता साडेचार.

साउंड स्वच्छ आहे, उगाच पॉलिश केलेला नाही. आरहूलीचे तेव्हाचे मालक क्रिस स्ट्राखविट्झ यांना स्टुडिओतली चकचक आवडायचीच नाही, बँड बारमध्ये जसा वाजतो तसा टेपवर यावा एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते इथे ऐकू येतं. कंपनी २०१६ मध्ये स्मिथसोनियन फोकवेजकडे, म्हणजे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या रेकॉर्ड कंपनीकडे, गेली, त्यामुळे जुना माल गायब होईल ही भीती आता कमी झालीय.

हे आवडलं तर मागे जा. यँक रेचेल हा टेनेसीचा मॅन्डोलिनवाला, लहानपणी घरचं डुक्कर देऊन त्याने पहिलं मॅन्डोलिन घेतलं असा त्याचा किस्सा सांगतात. १९३८ पासून त्याने ब्लूबर्ड कंपनीसाठी माउथ ऑर्गनवाल्या पहिल्या सनी बॉय विल्यमसनबरोबर (या नावाचे दोघे होते), म्हणजे जॉन ली विल्यमसनबरोबर, रेकॉर्डिंग केलं, शहरी ब्लूजमधली मॅन्डोलिन-माउथ ऑर्गन ही जोडी तिथेच पक्की झाली असं माझं मत आहे. आवाज जुना, खरखर आहे, पहिल्यांदा ऐकताना थोडा धीर धरावा लागतो. तेवढा नसेल तर डेलमार्क कंपनीची १९६३ ची ‘मॅन्डोलिन ब्लूज’ घ्या, त्यात रेचेलसोबत हॅमी निक्सन माउथ ऑर्गनवर आहे आणि बसून गप्पा मारत वाजवल्यासारखं सगळं निवांत आहे. आणि हॉर्टन-यंग जोडी अजून हवी असेल तर व्हॅनगार्ड कंपनीच्या १९६६ च्या ‘शिकागो / द ब्लूज / टुडे’ मालिकेचा तिसरा भाग, पण आधी ही सीडी, आणि त्यातही १९६७ ची गाणी पहिली लावा.