सल्ल्याला पाच स्टार, रिसेप्शनला शून्य. म्हणून चार

मी ३८ वर्षांची. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दोन मुली, मोठी यंदा दहावीला. दोन्ही वेळा सिझर. कॉपर-टी होती, पण अंगावरून फार जायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी काढली आणि नवीन बसवू म्हणता म्हणता राहून गेलं. पाळी चुकली तेव्हा वाटलं, चला, जायला लागली वाटतं.

आमच्या गल्लीतला मेडिकलवाला सासूबाईंना मावशी म्हणतो. त्यामुळे किट आणायला पार लांबच्या पेठेत गेले. दोन रेघा आल्या त्या सकाळी नेमकं चार दिवसांनी नळाला पाणी आलेलं. मी बाथरूममध्ये, आणि बाहेरून सासूबाई, ‘अगं, हंडे कोण भरणार?’

परत त्याच मेडिकलमध्ये गेले तर पोरगा म्हणाला, ‘ताई, गोळ्या पण आहेत की, चिठ्ठी नको.’ घेतल्या. दोन दिवस पर्समध्ये डब्याच्या खाली होत्या. मध्ये एका दुसऱ्या दवाखान्यात जाऊन आले, तिथे ‘मिस्टरांची सही आणा, मग बोलू’ एवढंच. पाच मिनिटांत बाहेर.

मग हा दवाखाना. मिस्टरांच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे सोबत सासूबाईही आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, ‘दोन पोरी झाल्या, आता मुलगाच असणार बघा.’ डॉक्टर मॅडमनी भिंतीवरच्या गर्भलिंग तपासणी होत नाही त्या बोर्डकडे पेन केलं. ‘आजी, ते मी बघत नाही आणि तुम्हीही बघायचं नाही. बाहेर पंखा चांगला आहे, बसा.’ मिस्टरांनाही पाठवलं. मग पंचवीस मिनिटं फक्त मी आणि त्या.

पर्समधल्या गोळ्या दाखवल्या. मॅडम रागावल्या नाहीत, ड्रॉवरमध्ये टाकल्या. म्हणाल्या, गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. नळीत असला तर या गोळ्यांनी काही होत नाही, उलट नळी फुटून जिवावर बेतू शकतं. माझ्यासारखीला जुन्या टाक्याजवळ रुजलाय का तेही बघावं लागतं. तसं काही नव्हतं. ६ आठवडे ४ दिवस. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. ‘ठेवा नाहीतर ठेवू नका, हे आधी वाढवायचं,’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. आमच्या घरी चहाशिवाय काही घेतलंच जात नाही, ती वेगळी गोष्ट.

दोन्ही बाजू सांगितल्या, एकीकडे झुकवून नाही. ठेवायचं तर तिसरं सिझर, वार जुन्या टाक्यात रुतायची शक्यता वाढते, म्हणून रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच बाळंतपण. या वयात शुगर, बीपीवर लक्ष, आणि ११ ते १३ आठवड्यांत बाळाची तपासणी. नाही ठेवायचं तर ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कळा येतात, पाळीपेक्षा जास्त जातं. तासाला दोन मोठे पॅड असं सलग दोन तास भिजलं तर रात्र असली तरी यायचं. दोन आठवड्यांनी परत तपासणी. सहीचं विचारलं तर म्हणाल्या, बाई १८ वर्षांच्या वरची असली की तिची एकटीची सही पुरते. कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

मग पेन खाली ठेवून विचारलं, ‘बाळ झालं असं धरा. रात्री अडीचला कोण उठणार?’ मी म्हटलं, मीच. ‘आणि नाही झालं असं धरा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत एखादी बाई तान्हं घेऊन पुढ्यात आली, तर?’ तिथे मला रडू फुटलं. आतापर्यंत सगळ्यांनी खर्च, वय, दहावी, लोक काय म्हणतील हेच काढलेलं. मोठ्या मुलीला तोंड कसं दाखवू, ही माझी खरी लाज होती आणि ती मी पहिल्यांदा तिथे बोलले. मॅडम म्हणाल्या, दोन्हीकडे रडू येतं, त्यावरून चूक-बरोबर ठरवू नका. दोन आठवड्यांच्या वर झोप-जेवण उडालं तर मला सांगा, नाहीतर १४४१६ ला फोन करा, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. विचाराला वेळ घ्या, पण गोळ्यांचा मार्ग हवा असला तर पंधरा दिवसांवर ताणू नका.

मी काय ठरवलं ते इथे लिहिणार नाही. ते गावाला सांगायला आमच्या सासूबाई समर्थ आहेत.

तपासणी ५०० रुपये, सोनोग्राफी वेगळी. संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, दोन तास मोडतात.

आता तो एक स्टार. रिसेप्शनवरची मुलगी पंधरा-वीस बायकांच्या पुढ्यात विचारते, ‘कशासाठी आलाय?’ पहिल्या वेळी मी ‘पोटात दुखतंय’ म्हणून सुटले. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून चिठ्ठीवर लिहून दिलं. तिने ती चिठ्ठी मोठ्याने वाचली.