टेलिमार्कचे बूट आणि बाइंडिंग : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

टेलिमार्क, म्हणजे मोकळ्या टाचेचं स्कीइंग, शिकायचं म्हटलं की माणूस आधी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी यंत्रणा, शोधायला लागतो. कुठली स्प्रिंग कडक, कुठलं किती ग्रॅमचं, पडल्यावर कुठलं सुटतं आणि कुठलं नाही, यावर लोक तासन्‌तास भांडतात. ओस्लोजवळ त्रीवानच्या उतारांवर, आणि सुट्ट्या जुळल्या की रियुकान गावाजवळच्या गाउस्ताब्लिक स्की-केंद्रात, दोन हिवाळे हे सामान वापरून झालं. माझं म्हणणं एवढंच की त्या भांडणातला निम्मा वेळ बुटाला द्या. बूट पायाला नीट बसला असेल तर साध्या बाइंडिंगवरही वळणं येतात. तो बसला नसेल तर कितीही महागडं बाइंडिंग लावा, मागचा पाय बोंबलतच राहणार.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या उतारावरच्या (अल्पाइन) स्कीइंगमध्ये बूट पुढून आणि मागून स्कीला जखडलेला असतो. टेलिमार्कमध्ये फक्त पुढचा भाग बांधलेला, टाच मोकळी. वळताना एक पाय पुढे, दुसरा मागे, मागचा गुडघा खाली आणि मागची टाच वर. खो-खोत चौकोनात बसलेला गडी खो मिळायच्या तयारीत जसा बसतो, साधारण तशी ठेवण. बायकोने पावती पाहिली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, दहा हजार क्रोनरच्या वर मोजायचे आणि टाच मोकळीच?" प्रश्न रास्त होता. पण त्या मोकळ्या टाचेमुळेच स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून डोंगर चढता येतो आणि त्याच बुटात खाली उतरता येतं.

टेलिमार्क हा नॉर्वेतला प्रांत. तिथल्या मोर्गेदालचा सोंद्रे नोरहाइम १८६८ साली, चाळिशी उलटल्यावर, ख्रिस्तियानियाला म्हणजे आजच्या ओस्लोला आला आणि शहरातल्या लोकांना वळून थांबायचं कसं ते दाखवून गेला. त्याच्या बाइंडिंगमध्ये पिळलेल्या लवचीक फांद्या टाचेमागून फिरवलेल्या असत. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ केबलच्या बाइंडिंगमध्ये हीच कल्पना चालू राहिली, फांदीच्या जागी पोलादी तार आली एवढाच फरक.

आज दुकानात गेलात तर दोन घराणी भेटतील. पहिलं ७५ मिलिमीटरचं. याच्या बुटाला पुढे चपटी चोच असते. मुळातल्या तीन खिळ्यांच्या बाइंडिंगमध्ये त्या चोचीच्या तळाला तीन भोकं असतात आणि ती खिळ्यांवर बसवून वरून पट्टी दाबायची. केबलवाल्या बाइंडिंगमध्ये चोच पुढच्या खोबणीत घालायची आणि केबल टाचेमागून ओढायची. नॉर्वेतल्या रोत्तेफेला कंपनीची सुरुवातच ब्रूर वित याच्या १९२७ च्या बाइंडिंगपासून झाली. दुसरं घराणं एनटीएन, म्हणजे 'न्यू टेलिमार्क नॉर्म'. हेही रोत्तेफेलानेच २००७ मध्ये आणलं. यात चोच गेली. त्याऐवजी बुटाच्या तळाला, पायाच्या कमानीखाली, एक आडवा ओठ असतो आणि बाइंडिंगचा आकडा तिथे अडकतो. टाचेमागून काहीच जात नाही. काही मॉडेलमध्ये तर पाय ठेवायचा, दाबायचा, झालं.

मी पहिला हिवाळा जुन्या बाजारातून घेतलेल्या ७५ मिमी केबलवर काढला, दुसरा एनटीएनवर. फरक सगळ्यात जास्त कडेच्या धारेवर जाणवला. त्रीवानला संध्याकाळी दिव्यांखाली स्कीइंग चालतं, आणि दिवसभर घासून रात्री गोठलेला तो उतार काचेसारखा कडक असतो. केबलवर माझ्या मागच्या पायाची स्की तिथे सरकायची. चोचीपाशी थोडीशी लवचीक ढील असते, ती कडक बर्फावर लगेच कळते. एनटीएनमध्ये बूट बाजूंनी डुलत नाही, स्कीची धार बर्फात धरते. उलट मऊ, खोल बर्फात आणि लांबच्या सपाटीवर मला केबलचा मोकळेपणा जास्त आवडला. इथे डोंगरातल्या झोपड्यांमधून हिंडणारे पुष्कळ लोक अजून ७५ मिमी वापरतात, त्यामागे नुसती जुन्याची आवड नाही. ती यंत्रणा साधी आहे आणि बिघडली तर थंडीत, हातमोजे घालूनही दुरुस्त करता येते.

आता बुटाकडे. टेलिमार्क बुटाच्या चवड्यावर प्लास्टिकच्या घड्या असतात, लोहाराच्या भात्याला असतात तशाच. टाच उचलली की बूट तिथेच वाकतो. पूर्वी हे बूट चामड्याचे असत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या स्कार्पाने प्लास्टिकचा टर्मिनेटर आणला आणि सगळं बदललं. सध्या बाजारात मुख्यतः स्कार्पा आणि क्रिस्पी याच दोन इटालियन कंपन्या दिसतात. माझे कुठले ते सांगत नाही, कारण माझ्या पायाला बसले म्हणून तुमच्या पायाला बसतील असं अजिबात नाही. चार बकलांचे आहेत, मध्यम कडक, एनटीएनचे, पुढे टूरिंग (डोंगर चढायच्या) बाइंडिंगच्या पिनांसाठी धातूचे खड्डे असलेले.

बूट निवडताना सगळे पायाची लांबी मोजतात. ती मोजाच, पण अंगठ्याच्या मुळाचा सांधा टाचेपासून किती अंतरावर आहे तेही मोजा. बुटाची घडी बरोबर त्या सांध्यावर पडायला हवी. बूट मोठा झाला तर घडी सांध्याच्या पुढे जाते, आणि प्रत्येक वळणाला प्लास्टिक खाली दुमडून बोटांच्या पाठीवर दाबतं. दुकानात उभं राहून हे कळत नाही. कळतं ते लिफ्टमधून उतरल्यावर तिसऱ्या-चौथ्या फेरीला, जेव्हा धाकट्या बोटांच्या वर लाल वळ उठलेले असतात.

म्हणून दुकानात असं करा. आतलं मऊ अस्तर म्हणजे लायनर काढा, नुसत्या शेलमध्ये म्हणजे बाहेरच्या कडक कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती बोटं जातात ते बघा. दीड ते दोन मला पुरेशी वाटतात. मग लायनर घालून, बकलं लावून, एक गुडघा जमिनीकडे नेऊन मागची टाच उचला आणि तसेच मिनिटभर थांबा. दोन्ही पायांनी करा. घडीखाली काही टोचतंय का, टाच आत वर सरकतेय का, हे तेव्हाच समजतं. लोक बघतात, बघू द्या. आणखी एक गोष्ट: २६ आणि २६.५ (स्की-बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं) चं शेल बहुतेक वेळा एकच असतं, फरक लायनरमध्ये किंवा आतल्या तळव्यात असतो. अर्ध्या मापावर फार डोकं खपवू नका.

माझे पाय पुढे रुंद आहेत. लहानपणापासून चपला आणि अनवाणी फिरणं, त्यामुळे की काय कोण जाणे, पण युरोपियन साच्यात करंगळी नेहमी अडकते. दुकानदाराने शेल गरम करून त्या जागी बाहेर फुगवून दिलं आणि लायनर गरम करून पायावर बसवलं. पहिले काही दिवस तरीही पाय दुखले. मग लायनर दबलं आणि त्रास गेला. एक सावधगिरी सांगतो. शेल फुगवताना घडीच्या आसपास उष्णता देऊ देऊ नका. तिथलं प्लास्टिक लाखो वेळा वाकणार आहे, तिथे हात न लावलेलाच बरा.

बूट किती कडक हवा यावर मतभेद आहेत. माझा अनुभव असा की शिकताना मध्यम बरा. फार कडक बुटाची घडी वाकवायलाच वजन लागतं, मग माणूस चवड्याऐवजी बोटांच्या टोकावर उभा राहतो आणि मागच्या स्कीवर भार येत नाही. आणि मागच्या स्कीवर भार येणं हीच तर टेलिमार्कची सगळी गोम आहे.

बाइंडिंगमधला खरा प्रश्न इथे येतो. टाच उचलायला लागलो की बाइंडिंग किती लवकर आणि किती जोरात विरोध करतं? स्प्रिंगचा ओढा पायाखाली जितका मागून येतो, तितकं बाइंडिंग चवड्याला स्कीवर दाबून धरतं. असं जोरकस बाइंडिंग असेल तर मागचा पाय वाऱ्यावर जात नाही, वळण आवळून घेता येतं. सौम्य बाइंडिंगमध्ये टाच सहज उठते, पण भार तुमचा तुम्हाला ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या ट्वेंटी-टू डिझाइन्सचं आउटलॉ जोरकस म्हणून ओळखलं जातं. व्होयलेचं स्विचबॅक चढायला हलकं आणि सौम्य. रोत्तेफेलाचं फ्रीराइड उतारासाठी, फ्रीडम त्याहून हलकं. फ्रेंच मेइजो पुढे पिनांवर धरतं, त्यामुळे चढताना पाय जवळपास फुकट उचलला जातो. मी स्वतः मधल्या ताकदीच्या स्प्रिंगवर स्थिरावलो. जास्त कडक स्प्रिंग लावून पाहिल्या, त्रीवानला मजा आली, पण दुपारनंतर मांड्या पेटल्या.

बसवण्याच्या बाबतीत एक तक्रार. माझं पहिलं एनटीएन ज्या दुकानात बसवून घेतलं, त्यांनी नेहमीच्या अल्पाइन बाइंडिंगच्या सवयीने ड्रिल मारलं आणि गोंद घातलाच नाही. टेलिमार्कमध्ये प्रत्येक वळणाला पुढचे स्क्रू वर ओढले जातात. काही आठवड्यांत पुढचे दोन डळमळायला लागले. दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने भोकं साफ केली, आत इपॉक्सी आणि पोलादी लोकरीचे तंतू भरले, स्क्रू पुन्हा कसले आणि रात्रभर सुकायला ठेवले. तेव्हापासून हललेले नाहीत. धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१ मिलिमीटरचं ड्रिल आणि बिनधातूच्या स्कीला ३.६ चं, खोली ९, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. दुकानात विचारायला लाजू नका. पिशवीत तिसऱ्या नंबरचा पोझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर ठेवा. साधा फिलिप्स लावलात तर स्क्रूचं डोकं खराब होतं.

जागेचंही बघा. एनटीएनसाठी बुटाच्या मध्याची खूण स्कीवरच्या मध्यखुणेवर ठेवतात. जुन्या ७५ मिमी पद्धतीत खिळ्यांची रेघ स्कीच्या लांबीच्या मध्यावर घेत. दोन्हीत बूट बराच पुढे-मागे होतो, म्हणून बसवणाऱ्याने कुठली रेघ धरली आहे ते आधी विचारा.

दुखणं सगळ्याच बाइंडिंगना असतं ते बर्फ साचण्याचं. गाउस्ता डोंगरावर चढताना तापमान शून्याच्या आसपास होतं, ओला बर्फ पायाखाली दाबला जाऊन पुढच्या पत्र्याखाली घट्ट गोठला. वर पोचून उतारासाठी खटका मागे ढकलला तर तो बसेचना. काठीच्या टोकाने टोकरलं, शेवटी स्कीचं मेण खरवडायच्या प्लास्टिकच्या पट्टीने तो बर्फाचा पापुद्रा अख्खा निघाला, पत्र्याच्या स्क्रूंचे ठसे सुद्धा त्यावर उमटले होते. आता निघण्याआधी सिलिकॉनचा फवारा मारतो आणि ती पट्टी वरच्या खिशात ठेवतो. बुटाच्या तळाच्या ओठातही बर्फ अडकतो, तो अंगठ्याने साफ केल्याशिवाय पाय ठेवू नका. १८८३ मीटरच्या त्या डोंगराच्या पोटातून रेल्वे वर जाते, तिने गेलात तर हा त्रास वाचतो. पण मग केसाळ पट्ट्या कशाला घेतल्या, असा प्रश्न घरी पुन्हा निघेल.

सुरक्षिततेबद्दल. टाच मोकळी म्हणून गुडघा सुरक्षित, असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका. बहुतेक टेलिमार्क बाइंडिंग अल्पाइनसारखी पडल्यावर सुटत नाहीत. काही एनटीएनमध्ये सुटायची सोय आहे, पण ती किती भरवशाची हे मॉडेलप्रमाणे बदलतं. हिमस्खलनात न सुटलेली स्की माणसाला खाली ओढते, म्हणून तशा उतारावर जायच्या आधी वार्सोम या नॉर्वेतल्या हिमस्खलन-इशारा सेवेचा अंदाज वाचायचाच, आणि मी तरी शंकास्पद दिवशी लिफ्टजवळच राहतो. स्कीला ब्रेक वेगळे विकत घ्यावे लागतात का तेही आधी बघा. गुडघ्याचं कवच मात्र पहिल्या दिवसापासून घाला. मागचा गुडघा खाली येतो आणि पातळ बर्फाखाली दगड असतातच.

जुने बूट घेणार असाल तर घडी हाताने वाकवून उजेडात धरा. केसाएवढी भेग दिसली तरी सोडून द्या. प्लास्टिक जुनं झालं की तिथूनच फुटतं. चोचीची भोकं लांबुळकी झाली आहेत का, एनटीएनच्या ओठाची कड दगडांवर चालून झिजली आहे का, एवढं पाहिलं की झालं. ओस्लोतल्या जुन्या बाजारात ४१ ते ४५ नंबर भरपूर मिळतात. बायकांच्या लहान पायांची मात्र पंचाईत होते, त्यांना बहुधा नवेच घ्यावे लागतात.

माझे जुने ७५ मिमीचे बूट, माप २६.५, तळघरात पडून आहेत. लायनर थोडं चपटं झालंय, घडी शाबूत आहे, वरचं एक बकल बदललेलं. ओस्लोतल्या कोणाला नुसतं करून बघायचं असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. केबल आणि बाइंडिंग मात्र देत नाही.